बोटभर फट

दुर्गाबाई तिसऱ्यांदा परसाकडे निघाल्या, तेव्हा कुसुमने हसू लपवायला ओटीतला नारळच तोंडासमोर धरला. सकाळी चाकणहून बैलगाडीतून उतरताना ह्याच तिच्या सासूबाईंनी नाकाला पदर लावून विचारलं होतं, "घराला लागून संडास? मंग देव कुटं हलवलं म्हनायचं?" आणि आता ऊन डोक्यावर यायच्या आत बाईंची तिसरी खेप. परत येताना दर वेळी चेहरा असा खुललेला, की विचारायची सोय नाही.

एकट्या दुर्गाबाईंना तरी का हसावं! कुसुमचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण म्हणून चिंचवडातल्या चाळीस बायका मळ्यातल्या घरी आल्या होत्या, आणि चाळीसही जणी ओटी भरायच्या आधी मागची ती खोली बघून आल्या होत्या. पांढरंशुभ्र चिनी मातीचं भांडं, त्यावर बादलीभर पाणी ओतलं की सगळं गडप. जातं कुठं हे कळेना, म्हणून जी ती आणखी एक बादली ओतून बघे. मंजुळाबाईंनी तर काही गरज नसताना तीन बादल्या ओतल्या आणि भिंतीला कान लावून ऐकलं.

"खाली टाकी हाय," कुसुम प्रत्येकीला सांगत होती. "गाळ टाकीत बसतो, वरचं पानी नळ्यांतनं जिमिनीत मुरतं. डोक्यावर पाटी घिऊन कुनाला साफ कराया यावं लागत न्हाई."

"तुझ्या भावानं केलं ह्ये?"

"माझ्या ज्योतीदादानं."

हे सांगताना तिचा हात दर वेळी पोटावर जायचा. मागच्या पावसाळ्यात ओढ्याच्या वाटेवर, पहाटे लोटा घेऊन जाताना ती घसरली होती आणि पहिलं बाळंतपण तिथंच, चिखलात संपलं होतं. यंदा ज्योतीराम तिला आणायला चाकणला गेला तेव्हा गाडीत एवढंच म्हणाला, "ह्या येळंला वढ्यावर जायचं न्हाई." घरी येऊन बघते तो ही खोली.

आणि आज त्या खोलीवर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. पिंपरीला औषधांच्या कारखान्याशेजारी कामगारांची वसाहत उठत होती. ज्योतीराम तिथं मुकादम होता. तीस क्वार्टरांच्या टाक्या आणि पाझराच्या नळ्या घालायचं काम निघालं होतं आणि ठेकेदाराच्या मनात पुण्याचे कुणी मिस्त्री होते. ओव्हरसियर उद्धवराव ज्योतीरामला म्हणाले होते, "आधी तुझ्या घरचं दाखव. चाललं, तर सोमवारी तुझं नाव सांगतो." आज रविवार होता. उद्धवराव पुढच्या ओट्यावर येऊन बसले होते, आणि भावंडांच्या 'थोरल्या आई', म्हणजे चुलती अंबुबाई, ह्यांनी त्यांच्यासाठी कपबशी शेजारून मागून आणली होती.

कुसुमला झोपाळ्यावर बसवलं. मोगऱ्याच्या गजऱ्यांनी मान अवघडली. एका वाटीखाली पेढा आणि एका वाटीखाली बर्फी झाकून अंबुबाई तिच्यापुढे आल्या, बायकांनी डोहाळ्याचं गाणं उचललं, आणि गाणं दुसऱ्या कडव्यावर पोचतं न पोचतं तोच मागून दुर्गाबाईंची आरोळी आली.

"अवं इहीनबाई! ह्ये खाली जाईना! वर यायलंय वर!"

गाणं तिथंच थांबलं. पेढा की बर्फी, हे त्या दिवशी कुणी बघितलंच नाही.

*

ज्योतीरामने टाकीचं झाकण सरकवलं. पाणी काठोकाठ होतं.

पाडव्याला वापर सुरू केला, त्याला पंधराच दिवस झाले होते. वापरणाऱ्या मुळात दोनच बाया. आबा आणि बापू, म्हणजे त्याचे चुलते आबाजी आणि वडील रंगराव, दोघंही अजून ओढ्याचेच. आजच्या बादल्या धरल्या तरी एवढ्यात टाकी तुंबायचं कारण काय?

"जमीन पाणी पीत नसेल," उद्धवराव म्हणाले. ते मूळचे परभणीचे, काळ्या मातीतले. "आमच्याकडं असंच होतं. चिकणमाती असली की संपलं."

"न्हाई साहेब. चार फुटांवर मुरूम लागला. खड्डा घिऊन घागर वतली व्हती. तंबाखू मळूस्तवर पानी गायब."

"मग कामून तुंबलं?"

ज्योतीरामने कुदळ घेतली आणि धोतर खोचलं. मागच्या दारात बायकांची गर्दी झाली होती, आणि गर्दीच्या पुढे कमरेवर हात ठेवून त्याचे वडील उभे होते.

"सांगत व्हतो," रंगराव म्हणाले, "घरची घान घरातच जिरवायची म्हंजी काय? रान मोकळं पडलंय एवढं. पन आमचं आयकतंय कोन! थोरल्या आईची फूस, दुसरं काय."

"बापू, बाजूला व्हा."

"व्हतो की. चार पावनं-रावळं बघून जाऊ द्यात एकदा."

दुर्गाबाईंनी एरवी अशा वेळी व्याह्यांची री ओढली असती. पण त्यांचा जीव त्या पांढऱ्या भांड्यावर जडला होता. "पोराला काम करू द्या जी," त्या फटकन म्हणाल्या. "उगं त्वांड चालवू नगा." रंगराव चकित होऊन दोन पावलं मागे सरले.

टाकीपासून तीन चर निघत होते. ज्योतीरामने मधल्यावर कुदळ घातली. माती काढली, खाली खडी लागली. त्याने मूठभर खडी उचलली आणि तो बघतच राहिला. खडी कोरडी ठणठणीत होती. पंधरा दिवसांत तिला पाण्याचा थेंब शिवला नव्हता.

उद्धवराव वाकले. त्यांनी टाकीच्या कोपऱ्यातली माती बोटाने चाचपली आणि कपाळाला हात लावला. "इथं ओल आहे, लेका. टाकी कोपऱ्यात गळून राहिलीय. जिथं गळायला नको तिथं गळतंय, आन् जिथं गळायला हवं तिथं थेंब नाही. हे कसलं उलटं काम म्हणायचं?"

ज्योतीरामची कानशिलं तापली. गिलाव्यात त्याचा हात कच्चा होता, हे त्याला ठाऊक होतं. पण नळ्या? नळ्या त्याने स्वतः बसवल्या होत्या. भाजक्या मातीच्या नळ्या एकापुढे एक, दर दोन नळ्यांमध्ये बोटभर फट, माती आत जाऊ नये म्हणून फटीवर कौलाचा तुकडा. त्या फटींतूनच पाणी खडीत उतरायचं. बाकी सगळी नळी म्हणजे नुसती वाट, शेवटचं तोंडही बंद. चर उघडे ठेवून तो दोन दिवस कुसुमला आणायला गेला, आणि खडी-माती लोटायचं बापूंवर सोपवलं. आला तेव्हा सगळं बुजवून वर पाणी मारलेलं होतं.

त्याने हातांनी खडी बाजूला केली. नळी दिसली. मग सांधा दिसला.

कौलाचा तुकडा नव्हता. फटही नव्हती. सांध्याभोवती चुन्याचं कडं होतं, गुळगुळीत, घट्ट, दोन्ही बाजूंनी निमुळतं करत नेलेलं. पुढचा सांधा तसाच. त्याच्या पुढचाही. असं काम वसाहतीच्या सगळ्या साइटवर त्याने बघितलं नव्हतं. नजर लावून पाहिलं तेव्हा थापीचे फटकारे दिसले. सगळे उलटे होते, उजवीकडून डावीकडे.

डाव्या हाताचे.

ज्योतीराम तसाच चरात बसून राहिला. पंचक्रोशीतल्या विहिरी आणि मोटेचे पाट बांधणारे आबा. चार वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि त्यांचा उजवा हात कायमचा लुळा पडला. त्यानंतर त्यांनी थापीला हात लावला नव्हता, कुणी थापीचं नाव काढलं तरी उठून जायचे. ते ह्या चरात उतरले होते? पोटावर पडून, एका हाताने, छत्तीस सांधे?

"कोणत्या अडाण्यानं बुजवले हे?" उद्धवरावांचा आवाज चढला. "सांधे उघडे ठेवायचे, एवढं साधं कळू नये?"

ज्योतीरामने वर पाहिलं. पुढच्या ओट्यावर आबा खांबाला टेकून बसलेले असणार. इथलं सगळं तिथं ऐकू जातं.

"म्याच बुजवलं, साहेब," तो म्हणाला.

"तू?"

"व्हय. चुकलं माझं."

उद्धवराव त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. "ज्योतीराम, तीस घरांचं काम आहे. उद्या तीस घरांत हेच वर आलं तर मी काय तोंड दाखवू? नाही जमायचं बाबा."

*

पुढच्या ओट्यावर आबांच्या कानावर 'सांधे' आणि ज्योतीचं 'चुकलं माझं' एवढंच पडलं आणि त्यांचा हात काठीकडे गेला. सांधा गळला की काय?

खरं तर त्यांना कुणाला काही सांगायचंच नव्हतं. पोरगं घाईचं आहे, फटी तशाच ठेवून बहिणीला आणायला पळालं. उद्या साहेब येऊन बघेल, त्या फटींत बोट घालेल आणि म्हणेल, ह्या घराण्याचा हात असा? रंगाला सांगावं तर तो गावभर करेल. मग दोन दुपारी, रंगा निजला असताना ते काठी टेकत चरात उतरले. पहिले चार सांधे तीन-तीनदा करावे लागले. डावा हात ऐकत नव्हता. पाचव्याला ऐकायला लागला. त्या रात्री चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना गाढ झोप लागली होती. पोराला कधीच सांगायचं नाही, त्याचं त्याला वाटू द्यावं, असं त्यांनी ठरवलं होतं.

ते उठले. घराला वळसा घालून चरापाशी पोचेपर्यंत त्यांना दम लागला.

"कुटं गळतंय?" त्यांनी विचारलं.

बायकांनी त्यांना वाट करून दिली.

"आरं, कुटं गळतंय सांगा की. माझा एक बी सांदा गळायचा न्हाई. ज्योती, तू कशाला आपलं म्हनतूस? साहेब, ते सांदं म्या केल्यात."

"गळत नाहीत आजोबा," उद्धवराव म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे. ते गळायला पाहिजेत. हे असलं अडाणी—"

"ओ साहेब!" हा आवाज रंगरावांचा होता. तेच रंगराव, जे अर्ध्या तासापूर्वी पाहुण्यांसमोर पोराची शोभा करत होते. "अडानी कुनाला म्हनता? ह्या मानसानं बांधलेल्या इहिरींचं पानी पिऊन तुमची वसाहत उठाया लागली. माझ्या थोरल्या भावाला अडानी म्हनायचं न्हाई. सांदं बुजवल्यालं म्या बघितलं व्हतं. मला बी ब्येस वाटलं, म्हनून तर वर माती लोटली. काय बोलायचं त्ये मला बोला."

उद्धवरावांनी टोपी काढून घाम पुसला. आबांनी मात्र भावाकडे बघितलंही नाही. ते ज्योतीरामकडे बघत होते.

"गळाया पायजेत?"

ज्योतीराम चरातून वर आला नाही. तिथूनच, खाली बसूनच त्याने सांगितलं. "आबा, तुमी मोटंचा पाट बांधता, त्यो पानी शेवटच्या वाफ्याला न्हेतो. वाटंत थेंब सांडला तर पाट वाया. ह्यो पाट तसा न्हाई. ह्येनं वाटंतच सांडायचं. दर नळीला थोडं-थोडं. शेवटाला काय बी उरू द्यायचं न्हाई."

आबांनी काठीचं टोक त्या सांध्यावर टेकवलं. सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा कोसळणार. अंबुबाई बायकांच्या गर्दीतून पुढे आल्या.

"म्हंजी जिमिनीला पाजायचं," आबा शेवटी म्हणाले.

"व्हय."

"आन् म्या तिचं त्वांड शिवून टाकलं."

"तुमी टाकीचं काम नळीवर केलं, आबा. माझ्या टाकीचा कोपरा गळतोय, त्यो बघा."

आबांनी कोपरा बघितला. ओली माती चिमटीत घेतली, आणि चार वर्षांत घरातल्या कुणी ऐकला नव्हता असा त्यांचा जुना, कामावरचा आवाज निघाला. "ह्यो गिलावा हाय? शेजारी इहीर हाय, आन् ह्यो असला गिलावा? लाज न्हाई वाटली?"

"वाटली," ज्योतीराम म्हणाला.

"छन्नी आन. हातोडी आन."

नळी न फोडता चुना काढायचा होता, आणि चुना असा धरलेला की परका माणूस नळीच फोडून बसला असता. किती जोर लावायचा, हे ज्याने बसवला त्यालाच ठाऊक. आबांना चरात उतरवायला रंगराव पुढे झाले. घाणीच्या नावाने नाक मुरडणारे रंगराव त्याच चरात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी भावाची पाठ धरली. ज्योतीरामने छन्नी धरली, आबांनी डाव्या हाताने हातोडी मारली. एक, दोन, तीन. चुन्याचं कडं फुटलं आणि काळसर पाणी भसकन खडीत उतरलं. खडीने ते गिळलं. दुर्गाबाई मागून "उतरलं, उतरलं!" म्हणून ओरडल्या, आणि डोहाळजेवणाच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

प्रत्येक सांधा फोडताना आबांच्या तोंडावर काय उमटत होतं, हे ज्योतीराम बघत नव्हता. त्याच्याने बघवत नव्हतं.

"साहेब," आबा मान वर न करता म्हणाले, "पोरगं खोटं बोललं. त्ये माझ्यापाई. त्याचं काम काढू नगा."

उद्धवरावांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "मी जेवून घेतो. पान खाईपर्यंत पाणी बोटभर जरी उतरलं, तरी बघू."

पान खाऊन होईपर्यंत पाणी वीतभर उतरलं होतं. उद्धवरावांनी काडी घालून स्वतः मोजलं. मग ज्योतीरामला बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी नाव सांगतो. दोन अटी आहेत. माझ्या साइटवर पुन्हा खोटं बोलायचं नाही, अगदी चुलत्यासाठी सुद्धा. आन् टाकीला हात तुझा नाही लागायचा. टाकी म्हाताऱ्याची."

"त्यांचा उजवा हात—"

"मी डाव्याचंच काम बघितलंय," उद्धवराव म्हणाले आणि सायकलीवर बसले.

*

बायका पांगल्या. कुसुम गजऱ्यांसकट झोपून गेली होती. दुर्गाबाई ओट्यावर रंगरावांना चाकणच्या घरी अशी खोली कुठं बसेल ते विचारत होत्या, आणि रंगराव जन्मभर हेच काम केल्यासारखे त्यांना मुरुमाची परीक्षा समजावत होते. आबा तोंड न धुताच टाकीच्या कोपऱ्यापाशी बसले होते, आणि गिलावा नखाने उकरून पुटपुटत होते.

अंबुबाई न्हाणीपाशी ज्योतीरामच्या हातावर पाणी घालत होत्या. ह्या पोराची आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि कुसुम पाळण्यात. अंबुबाईंची कूस उजवली नव्हती. तेव्हापासून त्याच्या हातावर पाणी घालणाऱ्या त्याच.

"ज्योती."

"काय, थोरल्या आई?"

"चुना म्या कालवला व्हता."

त्याने हात चोळायचं थांबवलं नाही. "ते कळलं मला. येकल्यानं आबांना कसं जमंल?"

"तसं न्हाई रं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मी भाकरी घिऊन आले व्हते चरावर, तवा तू मला समदं सांगितलं व्हतंस. फटीत बोट घालून दावलं व्हतंस. म्हनलास, ह्या फटीतच समदं काम हाय. मला ठावं व्हतं. मला पयल्यापास्नं ठावं व्हतं."

ज्योतीरामने वर पाहिलं.

"दुपारी ह्ये माझ्यापाशी आले आन् म्हनले, थापी कुटं ठिवलीस? चार वरसांनी, ज्योती. चार वरसं ह्यो मानूस खांबाला टेकून बसला, मला वाटायचं बसल्या बसल्याच जाईल. आन् थापी मागितली. मला न्हाई म्हनवंना. म्या गूळ भिजत घातला, हिरड्याचं पानी काढलं, चुना कालवून दिला. मनात म्हनलं, तू आल्यावर सांगीन. तू आलास, माती लोटून झाली व्हती, ह्ये ताटावर हसून बोलाया लागले व्हते. मंग त्वांडच उघडंना. तुझं काम गेलं असतं. तीस घरांचं काम. तुला पोटच्या पोरावानी वाढवलं आन् म्या तुझंच—"

शिव्या दे, रागव, काहीही कर, असं त्यांचं तोंड सांगत होतं. ज्योतीरामला राग आलाही होता. तीस घरं त्याच्या हातून जाता जाता राहिली होती, आणि ह्या बाईला ते पंधरा दिवस ठाऊक होतं. तो टाकीकडे बघत राहिला. तिथं आबा आता रंगरावांना हाका मारून वाळू चाळून आणायला सांगत होते, आणि बापू दुर्गाबाईंना सोडून खरोखरच चाळण शोधायला निघाले होते.

"थोरल्या आई," तो म्हणाला, "तीस टाक्या हायेत."

"आयकलं म्या."

"मजुरांनी कालवल्याला चुना आबांना चालायचा न्हाई. पिंपरीला रोज डबा घिऊन यावं लागंल तुला. जमंल का?"

अंबुबाईंनी तांब्या उचलला आणि त्याच्या धुऊन झालेल्या हातांवर पुन्हा पाणी घातलं. किती घातलं, ह्याचं त्यांना भान नव्हतं.

"गूळ लई लागंल रं," एवढंच त्यांना म्हणता आलं.